वारा तसे शीड

श्रोतेहो, खळ्यावर उपणणी चालते तेव्हा शेतकरी वाऱ्याकडे पाहून हात चालवतो. वारा मंद असला तर पाटी उंच धरायची, वारा वाढला तर खाली घ्यायची, आणि वावटळच सुटली तर पाटी ठेवून स्वस्थ बसायचे. वाऱ्याला काही तो बदलू शकत नाही. वाऱ्याप्रमाणे स्वतःचा हात बदलतो, इतकेच. कोकणच्या दर्यावर आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे हेच केले. तिथे पाटीच्या जागी शीड होते आणि दाणे उडून जाण्याऐवजी माणसे बुडण्याची धास्ती होती. मराठ्यांच्या आरमाराची कथा सांगताना आपण किल्ले सांगतो, तोफा सांगतो, सरदारांची नावे सांगतो. आज मी ती कथा शिडाच्या बाजूने सांगणार आहे. कारण कोणत्या वाऱ्याला कोणते शीड, या साध्या प्रश्नाच्या उत्तरातच त्या आरमाराचे बळ होते, आणि त्याची मर्यादाही तिथेच होती.

आधी कोकणच्या वाऱ्याची ओळख करून घेऊ. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैऋत्येचा वारा समुद्रावरून किनाऱ्यावर आदळत असतो. त्या दिवसांत शिडाचे जहाज किनाऱ्याजवळ राहणे म्हणजे मरणाला बोलावणे. कारण वाऱ्याचा सारा जोर जहाजाला खडकांकडे ढकलणारा असतो. म्हणून बंदरे बंद होत आणि होड्या ओढून वर घेतल्या जात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग पुन्हा समुद्र खुला होई. पाऊस सरला की वाऱ्याचे रोजचे वेळापत्रक सुरू होते. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो. त्याला आपण खारे वारे म्हणतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. ते मतलई वारे. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतावे, हा कोळ्याचा नित्यक्रम होता. या दोहोंच्या मध्ये, वारा पालटताना, असा एक वेळ येतो की पाणी आरशासारखे होते आणि वाऱ्याची झुळूकही नसते. तो वेळ ध्यानात ठेवा. पुढे त्याचे फार काम आहे.

आता शिडाकडे वळू. शिडांच्या मुख्य दोन जाती. युरोपच्या मोठ्या जहाजांवर चौकोनी शिडे असत. डोलकाठीला आडव्या काठ्या बांधून त्यांवर एकाखाली एक अशी कितीतरी शिडे लावलेली. वारा पाठीमागून जोराचा येत असेल तर या शिडांसारखे दुसरे शीड नाही. महासागर ओलांडायचे ते त्यांनीच. वारा वाढला तर वरची शिडे गुंडाळायची, खालच्या शिडांचा काही भाग दोऱ्यांनी बांधून आखूड करायचा. पण वाऱ्याच्या दिशेने तिरपे चढत जाण्यात ही शिडे कच्ची, आणि वारा पडला की सारे जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी.

अरबी समुद्रातले शीड निराळे. एका लांब तिरप्या काठीला बांधलेले ते मोठे तिकोनी कापड. काही ठिकाणी त्याचा पुढचा कोपरा कापलेला असे. बारीक वाऱ्यातही ते भरते आणि वाऱ्याच्या तोंडाशी अधिक जवळून चालते. परंतु त्यात एक अडचण आहे. ते चौकोनी शिडासारखे सहजासहजी आखूड करता येत नाही. मग वारा वाढला तर काय करायचे? शीडच बदलायचे! म्हणून लांबच्या प्रवासाला जाणारा नाखवा लहानमोठी अशी एकाहून अधिक शिडे बरोबर घेई. मंद वाऱ्याला मोठे, जोराच्या वाऱ्याला लहान. जोर वाढला की काठी खाली उतरवायची, मोठे शीड सोडायचे, लहान बांधायचे आणि काठी पुन्हा वर चढवायची. हे काम वेळेवर झाले तर बरे. तांडेलाने चालढकल केली, आणि वारा भरात असताना शीड उतरवायची पाळी आली, तर मग देवच राखणारा.

शिक्षकबंधूंनी इथे एक हिशेब मुलांना जरूर सांगावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. दहा मैलांच्या वाऱ्यात जे शीड होडीला आनंदाने ओढते, तेच वीस मैलांच्या वाऱ्यात तिला उलथून टाकू शकते. हा नियम माणसाच्या सोयीसाठी बदलत नाही. १९६८ साली कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी फळीवर उभे राहून हातांनी शीड धरण्याच्या एका खेळसाधनाच्या पेटंटासाठी अर्ज केला. त्यातून विंडसर्फिंग हा खेळ जगभर पसरला आणि १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. आज तो खेळणारा माणूस किनाऱ्यावर दोन-चार शिडे घेऊन येतो. मंद वारा असला तर सात-आठ चौरस मीटरांचे उचलतो, सोसाट्याचा असला तर चार-पाच मीटरांचे. त्याचेही शीड पाण्यावर आखूड करता येत नाही, म्हणून निवड आधीच करावी लागते. आपला नाखवा आणि तो खेळाडू, दोघांपुढे प्रश्न एकच.

आता इतिहासाकडे येऊ. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांचे पाऊल समुद्राला लागले. तिथून आरमाराची उभारणी सुरू झाली. १६६४ साली मालवणपाशी सिंधुदुर्गाचे काम निघाले, आणि १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः गलबतांचा मोठा ताफा घेऊन दक्षिणेस बसरूरवर गेले. महिना कोणता ते पाहा. पावसाळी वारे सरलेले, समुद्र निवळलेला. या आरमारात भंडारी, कोळी, गाबीत, खारवी, दालदी असे पिढीजात दर्यावर्दी होते. वाऱ्याची विद्या त्यांना कोणी शाळेत शिकवली नव्हती. ती त्यांच्या अंगात होती.

या आरमाराचे दोन मुख्य खांब म्हणजे गुराब आणि गलबत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. तळ उथळ, आणि नाळ पुढे लांब निघालेली. नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत. त्याच्या मुख्य काठीवर एकच तिकोनी शीड, पण ते एवढे मोठे की चढवल्यावर त्याचे टोक काठीच्याही वर जाई. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. आता ही मांडणी नीट पाहा. मोठे हलके शीड मंद वाऱ्यासाठी. वारा अगदीच पडला तर वल्ही. आणि गुराब अडली तर गलबतांनी तिला दोराने ओढत न्यायचे. म्हणजे ज्या घटकेला युरोपचे जहाज निर्जीव होते, नेमकी तीच घटका मराठ्यांनी लढाईसाठी निवडली होती!

हा योगायोग नव्हता बरं का. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात स्पष्ट सांगितले आहे की गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी अवजड जहाजे बांधण्याचे कारण नाही. पावसाळा लागण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच आरमार सुरक्षित बंदरी छावणीस न्यावे, असेही त्यात आहे. अमात्य हे कारभारी, पण हा विचार त्यांनी तांडेलांकडून घेतला असावा असे ते वाचताना वाटते. राज्याच्या धोरणात वारा आणि शीड यांना जागा मिळालेली इथे दिसते.

याचा प्रत्यय १६७९ साली खांदेरीला आला. मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेकडे असलेल्या या बेटावर महाराजांनी पावसाळ्याअखेर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी अडवण्यासाठी जहाजे धाडली. १८ ऑक्टोबरला मोठी झुंज झाली. दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठी गलबते चालून आली. इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली आणि त्यांची बाकीची लहान तारवे पळाली. पण 'रिव्हेंज' हे मोठे जहाज एकटे उभे राहिले आणि आपल्या तोफांनी त्याने मराठी ताफ्याला मागे रेटले. दिवसाउजेडी, समोरासमोर, मोठ्या जहाजाचा जोर अधिक, हे इथे कबूल केलेच पाहिजे. मात्र मागे हटलेली गलबते उथळ पाण्यात शिरली, आणि तिथे ते जहाज पाठलाग करू शकेना. पुढे रात्रीच्या अंधारात हलक्या होड्या वल्ही मारीत खांदेरीला माणसे आणि सामान पोचवीत राहिल्या. मोठी जहाजे त्यांना रोखू शकली नाहीत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

कान्होजी आंग्रे यांनी हीच पद्धत पराकोटीस नेली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही हात हलवीत परत गेले. कान्होजींच्या मृत्यूनंतर, १७३५ च्या डिसेंबरात, 'डर्बी' हे इंग्रज कंपनीचे खजिन्याने भरलेले जहाज कोकण किनाऱ्याजवळ आंग्र्यांच्या आरमाराने पकडले. वारा मंद होता. युरोपच्या जहाजाच्या तोफा बहुतेक दोन बाजूंना असतात, पिछाडीस थोड्या. वारा असेल तर जहाज वळून बाजू दाखवील. वारा नसेल तर वळणार कसे? आंग्र्यांची गलबते दिवसभर त्याच्या पिछाडीला राहिली, डोलकाठ्या निकामी केल्या आणि अखेर जहाज ताब्यात घेतले. वर्गात मुले मला विचारतात, एवढेसे गलबत एवढ्या मोठ्या जहाजाला कसे भारी पडले? त्याचे उत्तर त्या दिवशीच्या वाऱ्यात आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. जे शीड मंद वाऱ्यासाठी निवडले, त्याने किनारा दिला, पण महासागर दिला नाही. उथळ तळाची, मोठ्या तिकोनी शिडाची गलबते खवळलेल्या खोल समुद्रात महिनोन् महिने राहण्यासाठी नव्हतीच. त्यामुळे मराठ्यांचे आरमार शत्रूला आपल्या दारात अडवू शके, त्याच्या दारात जाऊन धडकू शकत नसे. मुंबईला जहाजे आणि दारूगोळा पुरवणारा सागरी मार्ग आफ्रिकेला वळसा घालून येत होता. त्या मार्गाला हात लावणे आपल्या शिडांना शक्य नव्हते. शत्रू हरला तरी पुढच्या साली नवी जहाजे घेऊन पुन्हा येई.

१७५६ साली हे उघड झाले. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर आले आणि १२ तारखेला दुपारी बंदरात घुसले. दुपारचा वारा समुद्रावरून आत येणारा. आत येणाऱ्याला तो सोबती, बाहेर पडू पाहणाऱ्याला तोंडावर. आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकींना बांधून उभ्या होत्या. एका जहाजावर गोळा पडून आग लागली, ती एकीवरून दुसरीवर गेली आणि काही तासांत सारे आरमार जळाले. हा पराभव केवळ शिडामुळे झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. घरातली फूट त्याहून मोठे कारण होते. परंतु ज्या आरमाराचा जीव हालचालीत होता, ते बांधून ठेवल्यावर त्याच्या शिडांचा आणि वल्ह्यांचा उपयोग तो काय राहिला?

श्रोतेहो, यावरून पूर्वजांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या किनाऱ्याचा वारा ओळखला, त्याला योग्य ते शीड निवडले आणि त्या बळावर शंभर वर्षे बलाढ्य सत्तांना झुंजवले. मात्र एका वाऱ्यासाठी केलेली निवड साऱ्या वाऱ्यांना पुरत नाही. नाखवा हे जाणत होता, म्हणून तो जास्तीचे शीड बरोबर बाळगत असे. राज्याने खोल समुद्रासाठी असे दुसरे शीड तयार केले नाही, आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

शेवटी किनाऱ्यावरच्या शिक्षकांना एक विनंती. १९५० नंतरच्या काळात मासेमारीच्या होड्यांवर इंजिने येऊ लागली आणि शीड हळूहळू उतरले. शिडावर होडी हाकलेली माणसे आता फार वयस्क झाली आहेत. कोणत्या वाऱ्याला काय म्हणत, मोठे शीड केव्हा उतरवीत, शिडाच्या दोरांना कोणती नावे होती, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यातले पुष्कळ कोणत्याच पुस्तकात आलेले नाही. मुलांना वही-पेन्सिल देऊन अशा आजोबांकडे पाठवा. ते सांगतील तो शब्द, ते सांगतील तसाच, लिहून घ्या. आरमाराच्या इतिहासातील कितीतरी जागा त्या शब्दांवाचून कोऱ्या आहेत.