आतड्याची तात

आपटा आपल्याला आठवतो तो दसऱ्यापुरता. सुश्रुतसंहितेत मात्र जखम शिवायला आपट्याच्या सालीचा, सणाचा, जवसाचा धागा सांगितला आहे, जनावराच्या कंडरेचाही. झाडाचा तंतू चिवट खरा, पण देह तो पचवत नाही. वरचा टाका काढता येतो. पोटातला कोण काढणार?

कॉर्डोव्याच्या अल्-जहरावीने हजार वर्षांपूर्वी आतडे शिवायला जनावराच्या आतड्याचीच तात सुचवली. पिंजाऱ्याच्या कमानीला असे, तसलीच. ती देहात विरते.

युरोपात पुढेही रक्तवाहिनीला बांधलेल्या रेशमाची टोके जखमेबाहेर लोंबत. ती ओढताना रक्त उसळे, रोगी दगावे. १८६८च्या अखेरीस जोसेफ लिस्टरने जंतुमुक्त केलेल्या तातीने एका वासराची मानेतली रोहिणी बांधली, टोके आखूड कापली, जखम मिटवली. महिन्याने पाहिले, तर तातीच्या जागी वासराचीच जिवंत ऊती होती.