न्यूहेवनच्या कोळणी

समुद्रकाठी फिरायला गेलेला माणूस, हाती कॅमेरा असला, की पहिला फोटो कशाचा काढतो? मावळत्या सूर्याचा. दुसरा फुटणाऱ्या लाटेचा. तिसरा, बरोबर बायकामुले असतील तर त्यांचा, पाठीमागे समुद्र ठेवून. मग रीळ (आता रीळही राहिले नाही म्हणा) बरेच शिल्लक आहे असे पाहून तो गावाकडे वळतो. वाळूवर ओढून ठेवलेली होडी, बांबूवर वाळत घातलेले बोंबील, जाळे सांधत बसलेला म्हातारा. मीही असेच फोटो काढीत हिंडलेला माणूस आहे, तेव्हा यात कोणाला हसण्याचा माझा हेतू नाही. परंतु इतिहासाचा क्रम मात्र याच्या नेमका उलटा आहे. कॅमेरा समुद्रावर पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला लाट दिसतच नव्हती. त्याला दिसली ती कोळ्यांची माणसे. ही हकीकत मोठी मौजेची आहे, आणि ती स्कॉटलंडमधली आहे.

एडिनबरो शहराच्या उत्तरेला, फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या काठी न्यूहेवन नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी चौथ्या जेम्स राजाने येथे जहाजे बांधण्याची गोदी उभारली. राजा गेला, गोदी गेली, मागे उरले ते मासेमारांचे गाव. पुरुषांनी हेरिंग आणि कालवे काढावीत, बायकांनी ती वेताच्या करंड्यांत भरून पाठीवर घ्यावीत आणि चढण चढून एडिनबरोच्या रस्त्यारस्त्यांतून ओरडत विकावीत, असा तेथला व्यवहार. पट्ट्यापट्ट्यांचे अनेक घागरे एकावर एक नेसलेल्या या बायका साऱ्या शहराच्या ओळखीच्या होत्या. भाव करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते म्हणतात. आपल्याकडे ज्याने भाऊच्या धक्क्यावर सकाळी पापलेट घेतले आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

१८४३ साली या गावात दोन माणसे एक लाकडी पेटी घेऊन आली. एकाचे नाव डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल. हा चाळिशीतला, बोलका, शहरातल्या मोठमोठ्या लोकांत ऊठबस असलेला चित्रकार. दुसरा रॉबर्ट ॲडम्सन, वय बावीसच्या आसपास, प्रकृतीने नाजूक. यंत्रविद्या सोडून फोटोच्या धंद्यात नुकताच पडलेला. यांची जोडी जमली ती एका भांडणामुळे. त्या वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि चारशेहून अधिक धर्मोपदेशक आपापल्या जागा, पगार आणि घरे सोडून बाहेर पडले. हिलने ठरवले की या प्रसंगाचे एक भव्य चित्र काढायचे. पण इतके चेहरे काढायचे कसे? सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने सुचवले, की कागदावर फोटो काढण्याची टॅलबटची नवी युक्ती वापर, आणि ती अवगत असलेल्या तरुणाशी, म्हणजे ॲडम्सनशी, त्याची गाठ घालून दिली. इंग्लंडमध्ये टॅलबटने या युक्तीचे पेटंट घेतले होते, ते स्कॉटलंडला लागू नव्हते. ही गोष्टही पथ्यावर पडली. ते भव्य चित्र पुरे व्हायला पुढे १८६६ साल उजाडले. आज ते पाहायला मुद्दाम कोणी जात असेल असे मला वाटत नाही. मधल्या वेळात, जणू जाता जाता, या दोघांनी जे फोटो काढले तेच खरे त्यांचे काम ठरले.

टॅलबटच्या या युक्तीला कॅलोटाइप म्हणत. चांगल्या लिहिण्याच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा लेप द्यायचा, तो कागद कॅमेऱ्यात घालायचा, उजेड दाखवायचा, मग रसायनात बुडवून त्यावर उलटे चित्र उमटवायचे. त्या कागदाला मेण लावून पारदर्शक करायचे आणि दुसऱ्या कागदावर दाबून उन्हात ठेवले की सुलटे चित्र तयार. काचेचा लखलखीतपणा यात नाही. कागदाचे धागे चित्रात उतरतात आणि सावल्या कोळशाने घासल्यासारख्या मऊ दिसतात. पण अडचण होती ती वेळेची. चांगले ऊन असले तरी काही सेकंद, आणि पुष्कळदा मिनिट-मिनिट, समोरची वस्तू हलता कामा नये. आता समुद्र कोणाच्या सांगण्यावरून मिनिटभर स्थिर राहणार? होडी पाण्यात असली तर ती डोलणार, शीड हलणार, लाटेचे तर नावच नको.

म्हणून न्यूहेवनच्या फोटोंत समुद्र जवळजवळ नाहीच. समुद्राच्या गावात जाऊन समुद्र वगळावा लागला! होड्या आहेत त्या वाळूवर ओढलेल्या. पुरुष त्यांना रेलून उभे आहेत, कारण रेलल्याशिवाय इतका वेळ स्थिर कसे राहणार? बायका एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून बसल्या आहेत. आपल्याला वाटते, काय हा जिव्हाळा! जिव्हाळा असेलही, पण मान हलू नये हाही त्यातला एक हेतू. विली लिस्टन नावाचा एक कोळी मासे धरण्याची दोरी साफ करताना दिसतो. तो अगदी कामात गढल्यासारखा वाटतो, पण हात जागच्या जागी धरून बसला असला पाहिजे. हे फोटो खोटे आहेत असे म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. मांडणी हिलची, त्याच्या चित्रकाराच्या डोळ्याची. पण ज्याला मिनिटभर उन्हात बसवायचे त्याची मर्जी संपादन करावी लागते. दोन बोटांनी चटकन फोटो घेऊन पसार होण्याची सोय हिलला नव्हती. न्यूहेवनचे असे शंभराहून अधिक फोटो त्यांनी चार वर्षांत काढले. हे काम ओळखीशिवाय झाले नसते.

ओळखीचा पुरावाही आहे. या चित्रांतल्या कित्येक माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. करंडी जवळ घेऊन, नजर खाली वळवून उभी असलेली एक तरुण कोळीण आहे. वाल्टर बेंजामिन या जर्मन टीकाकाराने १९३१ साली फोटोकलेच्या इतिहासावर एक निबंध लिहिला, त्यात या कोळणीने त्याला अडवून धरले आहे. त्याचे म्हणणे असे, की चित्रकाराने काढलेल्या चेहऱ्याकडे आपण चित्रकाराची कला म्हणून पाहतो. येथे मात्र एक बाई खरोखर जगून गेली, आणि ती कोण होती हा प्रश्न काही केल्या गप्प बसत नाही. त्या प्रश्नाला उत्तर आहे. तिचे नाव एलिझाबेथ जॉनस्टन, लग्नानंतरची मिसेस हॉल.

आता थोडे मुंबईकडे येऊ. फोटोग्राफीचे वेड आपल्याकडे यायला फार उशीर लागला नाही; मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईत दिसणाऱ्या नाना जातिजमातींच्या लोकांचे फोटो दोन खंडांत प्रसिद्ध केले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातली युक्ती अशी की माणसांचे फोटो स्टुडिओत घ्यायचे, आणि मग ती माणसे कापून मुंबईच्या निराळ्या देखाव्यावर चिकटवायची. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत ते त्यामुळे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे पुस्तक काढले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत, पण खालच्या मजकुरात बहुतेक ठिकाणी जात किंवा जमात सांगितलेली. माणसाचे नाव विरळा. गोऱ्या साहेबाने मासेमाराकडे पाहावे ते दोन्हीकडे, पण न्यूहेवनला तो शेजारी होता, येथे नमुना झाला.

लाट कॅमेऱ्यात सापडायला आणखी दहाबारा वर्षे गेली. काचेवरच्या कलोडियन पद्धतीने वेळ कमी लागू लागला, तेव्हा १८५६-५७ मध्ये गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या काठी लाटा पकडल्या. तरी आकाश पांढरेफटक येई, म्हणून तो कित्येकदा ढगांची काच निराळी आणि समुद्राची निराळी घेऊन दोन्ही एकत्र छापी. पुढे इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात फ्रँक सटक्लिफने जन्मभर एकाच गावाचे फोटो काढले. त्याच्यावर एखादे स्वतंत्र भाषण द्यावे लागेल, म्हणून येथे नुसता उल्लेख करतो.

ॲडम्सन १८४८ च्या जानेवारीत, अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला. न्यूहेवनच्या कोळ्यांवर एक खंड काढण्याची जाहिरात दोघांनी १८४४ मध्येच दिली होती. तो खंड कधी निघालाच नाही. न्यूहेवन आता एडिनबरोचाच भाग आहे आणि २०२३ पासून तेथवर ट्रामही जाते.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले त्याच्या पुष्कळ आधी, एम.ए.ला असताना, २००२ साली, रेवदंड्याजवळच्या एका कोळीवाड्यात मी एका आजीचा फोटो काढला होता. जवळा वाळत घालीत होती. विचारले नव्हते. क्लिक झाल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली, "नेलास ना? आता मना कवा दावशील?" मी म्हणालो, "आजी, पुढच्या महिन्यात घेऊन येतो." पुढचा महिना म्हणजे सतरा वर्षांनंतरचा निघाला. २०१९ मध्ये जुने खोके आवरताना तो फोटो सापडला. पाठीमागे माझ्याच अक्षरात लिहिले होते: "कोळीण, रेवदंडा." आठ खंडांच्या पुस्तकात लिहावे तसे.

तो घेऊन मी गेलो. आजी केव्हाच गेल्या होत्या. सुनेने फोटो ओळखला, शेजारणींना हाका मारल्या, आणि ओटीवर पाचसहा बायका जमल्या. मागे अर्धवट दिसणारी दुसरी बाई कोण यावर बराच वेळ वाद झाला. अखेर एका म्हातारीने हातातल्या बांगड्यांवरून ती ओळखली. मी खिशातले पेन काढून दोन्ही नावे मागे लिहून घेतली. निघताना सून म्हणाली, "दादा, नणंद मुरुडला असते, तिच्याकडे आईचा एक पन फोटो नाय. आनखी एक काढून द्याल काय?" मी हो म्हटले आहे. निगेटिव्हवर बुरशी धरली आहे, ती साफ करून देणारा माणूस मुंबईत शोधतो आहे.