इशिगाकीला जेवायचं, पण कोणत्या साली?

योनागुनी बेट, साल १४७७. पायाखाली प्रवाळाची खरखरीत वाळू, अंगावर वाळलेलं मीठ आणि पोटात कावळे. तुम्ही निघाला होता इशिगाकीचं नावाजलेलं वाग्यू गोमांस खायला. द्वीपसमूह बरोबर आहे, हा याएयामाच. इशिगाकी इथून पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवर आहे. फक्त तुम्ही साडेपाचशे वर्षं लवकर आलात.

गाय मात्र आहे. झोपडीमागे शेपटीनं माश्या वारत उभी आहे. तिच्याकडे बोट दाखवून पोटावरून हात फिरवण्याचा मोह आवरा. असा आगाऊपणा तीन कोरियन माणसांनी याच वर्षी करून पाहिला आहे. जेजू बेटावरून राजासाठी संत्री घेऊन निघालेलं त्यांचं जहाज वादळात भरकटलं, फुटलं, आणि वाचलेल्या तिघांना इथल्या कोळ्यांनी पाण्यातून ओढून काढलं. पुढे मायदेशी पोहोचल्यावर त्यांनी जे सांगितलं ते कोरियाच्या जोसॉन दरबाराच्या इतिवृत्तात उतरलं. योनागुनीचे लोक गाय पाळत, कोंबडी पाळत, पण दोन्हींचं मांस खात नसत. जनावर मेलं की पुरून टाकत. पाहुणे म्हणाले, पुरता कशाला, हे तर खायचं असतं. त्यावर बेटकरी थुंकले आणि हसले.

तुमच्या घरी हा विषय निघाला की आजी ताटावरून उठत असेल, तर या बेटावर तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल. तसं नसेल तरी भात आणि मासळीवर भागवा, आणि पुढे सरका.

पुढची तीन-चारशे वर्षं जेवणाच्या दृष्टीनं वाईटच आहेत. १६०९ साली जपानातल्या सात्सुमाच्या सामुराईंनी रियुक्यूचं राज्य जिंकलं, ज्यात ही बेटं मोडत. त्यानंतर १६३७ पासून याएयामा आणि मियाको बेटांवर डोईपट्टी बसली. पंधरा ते पन्नास वयाच्या प्रत्येक माणसावर ठरलेला कर, पीक येवो न येवो. पुरुषांनी धान्य घालायचं, बायकांनी कापड विणून द्यायचं. तुम्ही भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे आहात आणि समोरून जोत ओढत येणाऱ्या बैलाकडे बघताय. कर त्याच्या खांद्यावर आहे. त्याच्या पुठ्ठ्याचे चार तुकडे निखाऱ्यावर कसे लागतील, हा विचार या खाचरात कुणाच्या मनात येत नाही, आणि तुमच्याही येऊ देऊ नका. ही डोईपट्टी उठली १९०३ साली.

मधे एक तारीख मात्र टाळा: २४ एप्रिल १७७१. इशिगाकीच्या पूर्व किनाऱ्यावर शिराहो गावात सकाळी उभे असाल तर डोंगराकडे पळा. भूकंपामागून आलेल्या लाटेनं त्या दिवशी याएयामातली जवळपास एक तृतीयांश माणसं नेली. शिराहोची वस्ती पंधराशेच्या वर होती. उरले २८ जण. समुद्रातून उचलून आणलेले प्रवाळाचे अवाढव्य खडक आजही शेतांच्या कडेला पडलेले दिसतात आणि लोक त्यांना वळसा घालून ऊस लावतात.

१९३० च्या दशकात इशिगाकीवरच्या नागुराच्या माळावर एक ओळखीचा वास येईल. शेणाचा, पण गाईच्या नव्हे. तैवानहून आलेल्या शेतकऱ्यांनी अननसाच्या रोपांबरोबर पाणम्हशीही आणल्या आहेत. शिंगं मागे वळलेली, अंगाला चिखल. आज ताकेतोमी बेटावर पर्यटकांच्या गाड्या ओढतात त्या म्हशी इथे या वाटेनं आल्या.

आणि १९४५. हे वर्ष चुकवता येत नाही, कारण त्याशिवाय या बेटांवरचा गोठा रिकामा का झाला ते कळत नाही. दक्षिणेच्या हातेरुमा बेटावर जपानी लष्करानं हुकूम काढला की सगळ्यांनी इरिओमोतेला जायचं. इरिओमोते म्हणजे हिवतापाचं जंगल, हे पोराटोरांनाही माहीत होतं. निघण्याआधी गुरं, घोडी, डुकरं सगळी कापायला लावली. कारण दिलं, शत्रूच्या हाती लागायला नकोत. मांस सुकवून सैन्याकडे गेलं. गावकरी तापानं मेले: हातेरुमाचा जवळपास तिसरा हिस्सा. सगळ्या याएयामात त्या तापानं साडेतीन हजारांहून अधिक माणसं गेली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी किनाऱ्यावरच्या खडकात चार शब्द कोरून ठेवलेत, विसरू नका म्हणून. तो खडक अजून आहे. इथे जेवणाचं विचारू नका.

१९७१ ला उतरलात तर खिशात डॉलर ठेवा. युद्धानंतर बेटं अमेरिकेच्या ताब्यात आहेत आणि व्यवहार त्याच नाण्यात होतो. पाणी मात्र डॉलर मोजूनही मिळत नाही. यंदा पाऊसच नाही. ऊस उभ्यानं वाळलाय, गुरं मरताहेत, आणि मुख्य जपानातले जमिनीचे दलाल कोरड्या शेतांच्या बांधावर भाव विचारत फिरताहेत. पुढच्या वर्षी १५ मे रोजी बेटं जपानला परत मिळाली, तेव्हा येन आला, अनुदानं आली, कुरणं आखली गेली. गुरांची पैदास हा इथला धंदा खऱ्या अर्थानं वाढला तो त्यानंतर.

३० जुलै १९७८ ला, पहाटे सहाच्या आत, इशिगाकी शहराच्या बंदराजवळच्या चौकात उभे राहा. कालपर्यंत गाड्या उजवीकडून धावत होत्या, अमेरिकी पद्धतीनं. आजपासून सगळ्या डावीकडून. रात्री दहापासून रस्ते रिकामे. सहा वाजले, शिट्टी झाली आणि सगळी वाहतूक बाजू बदलून सुरू झाली. त्या चौकाला तारखेचंच नाव पडलं, ७३०. लक्षात ठेवा, रात्रीच्या जेवणाला इथूनच वळायचं आहे.

आता नव्वदचं दशक. इथे मी तुम्हाला थोडा वेळ बसवणार आहे, कारण सगळी गोम इथे आहे.

वासरांचा लिलाव. पत्र्याचं छप्पर, पायऱ्यांची बाकं, मधोमध रिंगण. आठ-दहा महिन्यांचं काळं वासरू मालक कासरा धरून आत आणतो. मालकीण मागून पार्श्वभागावर हात ठेवून ढकलते, शेवटच्या क्षणी पाठीवरचा भुसा झटकते. वर फळ्यावर वजन, जन्मतारीख, बापाचं नाव. बाप कोण, यावर निम्मा भाव ठरतो. वासराची नोंदणी झालेली असते ती नाकाच्या ठशावर. आपल्याकडे अंगठा घेतात, इथे ओलं नाक पुसून शाई लावतात आणि कागद दाबतात. प्रत्येकाच्या नाकावरच्या रेषा वेगळ्या. बाकांवर बसलेले व्यापारी क्यूशू आणि होन्शूहून आलेत. बोली हातातल्या बटणावर लागते, तोंडातून शब्द निघत नाही. दोन मिनिटांत वासरू विकलं जातं. मालकीण त्याच्या मानेवर हात फिरवते आणि दारापर्यंत सोडायला जाते.

तिथून बोट. पुढचे वीसेक महिने ते वासरू उत्तरेत कुठेतरी पेंड आणि भुसा खाणार, आणि जिथे खाईल तिथलं नाव घेणार. टोकियोत कुणी नावाजलेल्या गावाचं लेबल लावलेली मांसाची चकती महागात विकत घेतली, तर तिचा जन्म याएयामातल्या गोठ्यात झालेला असू शकतो; हे ताटावर कुठेही लिहिलेलं नसतं. यात लबाडी काही नाही, जपानातल्या बहुतेक ब्रँडचा नियमच पोसण्याच्या जागेवर चालतो. पण वासराला पाजणाऱ्या बाईच्या बाजूनं पाहिलं की मला तो हिशेब नेहमी तिरपा वाटतो.

बेटावरच का नाही पोसायचं? एक तर धान्य बाहेरून आणायचं म्हणजे बोटीचं भाडं. दुसरं म्हणजे गोचीड. उष्ण दमट हवेत गोचिडी माजतात, आणि इथली गोचीड नुसती रक्त पीत नसे, जनावराच्या रक्तात ताप सोडत असे. ही बेटं ज्यात मोडतात त्या ओकिनावा प्रांतानं तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवली, बेटामागून बेट, जनावरामागून जनावर, पाठीवर औषध ओतून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती या बेटांवरून नाहीशी झाली. याउलट हवेचा एक मोठा फायदाही होता: इथे हिवाळाच नाही. गवत बारा महिने वाढतं, वर्षातून कितीतरी वेळा कापता येतं, आणि गुरं डिसेंबरातही उघड्यावर चरतात. काही जिद्दी माणसांनी थोडी वासरं विकायची थांबवली आणि इथेच ठेवून पोसली.

जुलै २००० मध्ये ओकिनावात आठ बड्या राष्ट्रांची शिखर परिषद भरली. क्लिंटन, पुतिन, ब्लेअर, शिराक, सगळे आले. तिथल्या मेजवानीत इशिगाकीचं मांस वाढलं गेलं. तुम्हाला आत कुणी सोडणार नाही, पण दाराबाहेर उभं राहिलात तरी चालेल. कारण महत्त्वाचं ते दुसऱ्या दिवशी झालं, वर्तमानपत्रांत. ज्या बेटाचं नाव मांसाच्या संदर्भात कुणी घेत नव्हतं, त्याची चौकशी सुरू झाली. २००८ साली ओकिनावाच्या शेतकरी सहकारी संघटनेनं 'इशिगाकी-ग्यू' हे नाव प्रादेशिक व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून टाकलं. अट अशी: काळ्या केसांच्या शुद्ध वाग्यू जातीचं जनावर, खच्ची नर किंवा मादी, जन्म याएयामातला, आणि वीसेक महिन्यांहून अधिक काळ पोसलेलंही याएयामातच. दोन्ही गोष्टी हव्यात.

तेव्हा आजच्या तारखेला या. हेच साल जेवायचं.

विमान शिराहोजवळच्या नव्या विमानतळावर उतरतं. तो २०१३ साली सुरू झाला. बसनं शहरात, ७३० चौकातून मिसाकी-चो या रात्री जागणाऱ्या मोहल्ल्यात. यामामोतो नावाचं कोळशावरचं हॉटेल सगळ्यांच्या तोंडी आहे, तिथे आधी टेबल राखलं नसेल तर नाद सोडा. किंजो आणि कितौची या दोन्हींची स्वतःची गुरं आहेत, तिथे बसायला मिळण्याची आशा जास्त. मेनूवरचा सगळ्यात महाग तुकडा मागवू नका, हे माझं मत. लुसलुशीत फिले कुठेही मिळतो. इथे खांद्याचे आणि मांडीचे भाग मागवा, त्यांना चव असते.

टेबलाच्या मध्यात निखाऱ्यांची शेगडी, वर जाळी. चिमट्यानं एक चकती उचला. लाल मांसात पांढऱ्या चरबीचं जाळं, आणि हातात धरल्या धरल्या कडेची चरबी चकाकायला लागलेली. वाग्यूची चरबी आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा कमी तापमानाला वितळते, म्हणून बोटांवर तेल येतं. जाळीवर टाका, पाच-सहा सेकंद, उलटा, तेवढेच पुन्हा. चर्र आवाज, निखाऱ्यावर थेंब पडून उठलेला भडका, धुराला किंचित गोडसर वास. नुसत्या इशिगाकीच्या मिठाबरोबर खा. सोया सॉसची वाटी बाजूला सारा. सोबत याएसेनची आवामोरी, बर्फ आणि पाणी घालून. तांदळाची ही दारू सरळ प्यायलात तर पुढच्या चकतीची चव कळणार नाही. चार-पाच तुकड्यांनंतर जीभ थकते, आणि थकली पाहिजे. हे मांस पोटभर खायचं नसतं. भात मागवा.

भिंतीवर किंवा मेनूच्या कोपऱ्यात दहा आकडी क्रमांक लिहिलेला असेल. जपानात वेड्या गाईचा रोग सापडल्यावर २००३ साली कायदा झाला आणि प्रत्येक जनावराच्या कानाला हा क्रमांक आला. फोनवर सरकारी संकेतस्थळ उघडून तो टाका. जन्मतारीख, नर की मादी, आईचा क्रमांक, कुठल्या प्रांतात जन्म, कुठे किती दिवस, कत्तल केव्हा. सगळ्या रकान्यांत प्रांत एकच असतो: ओकिनावा. तीस वर्षांपूर्वी इथल्या वासराच्या वाट्याला हे क्वचित यायचं.

एवढे पैसे खर्चायचे नसतील तर दुपारी जा. शहरातल्या बाजारपेठेजवळच्या साध्या खाणावळींत ग्यूजिरू मिळतं, म्हणजे हाडं, आतडी आणि कडक मांस तासन्‌तास शिजवलेलं सूप, मुळा आणि दवण्याच्या जातीची कडसर पानं घातलेलं. वरून टाकायला पिपाची नावाची मिरपूड टेबलावर असते; ती आपल्या लेंडी पिंपळीची चुलत बहीण, वास घेतलात की लगेच ओळखाल. मला विचाराल तर चकत्यांपेक्षा हे सूप सरस.

एक दिवस हाताशी असेल तर बोटीनं अर्ध्या तासावर कुरोशिमा. हृदयाच्या आकाराचं सपाट बेट, माणसं दोनशेच्या आसपास आणि गुरं त्यांच्या दसपट. सायकल भाड्यानं घ्या. दोन्ही बाजूंना प्रवाळाच्या दगडांचे बांध, आणि बांधापलीकडून चघळणं न थांबवता तुमच्याकडे बघणारी काळी तोंडं. ही पैदाशीची गुरं. यांची वासरं अजूनही बहुतेक लिलावालाच जातात, सगळ्यांना पोसण्याइतका चारा आणि पैसा बेटांवर नाही. फेब्रुवारीत आलात तर इथे गुरांची जत्रा भरते, मोठ्या पातेल्यात सूप शिजतं आणि सोडत निघते. पहिलं बक्षीस एक जिवंत गाय. चिठ्ठी जरूर घ्या. लागलीच, तर तिला मुंबईच्या विमानात कसं बसवायचं ते मात्र मला विचारू नका.