पत्र्याची खुर्ची

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाने खुर्चीवर लिहायचे नाही, तर कोणी लिहायचे? माझ्या खुर्चीचे तीन पाय नियमाने वागतात. चौथ्याने जमिनीला कधी टेकायचे, हे तो स्वतः ठरवतो.

गेल्या रविवारी मुलीने आम्हा दोघांना एका नव्या हॉटेलात नेले. तिथे कॉफी दीडशे रुपयांना मिळते आणि भिंतीला गिलावा करायचा राहून गेलेला असतो. बसलो तर खाली थंडगार पत्रा! म्हटले, ‘‘या काय गॅरेजमधून उचलून आणल्या?’’

‘‘बाबा, ही जगप्रसिद्ध खुर्ची आहे. म्हणजे तिची नक्कल. पण तुम्हाला नुसते आकडेच दिसतात!’’

मी त्या वेळी बिलाकडे पाहत होतो, हे खरे. पण बोलणे लागले. तिच्या डिझाइन कॉलेजचा अर्ज पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून होता. तिने बी. कॉम. करून बँकेची परीक्षा द्यावी, असे माझे मत. म्हणून पालकाच्या सहीची जागा कोरी.

मुलीला खोटे पाडावे म्हणून मी त्या खुर्चीची कुंडली काढली, आणि फसलो.

फ्रान्समध्ये बर्गंडी भागात ओतँ नावाचे गाव आहे. तिथला झेवियर पोशार (जन्म १८८०) छपरांवर जस्ताचे पत्रे बसवण्याच्या धंद्यातला. पोलादाचा पत्रा वितळलेल्या जस्तात बुचकळून काढला की गंजत नाही, हे हेरून त्याने घरगुती वस्तू करायला घेतल्या. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात, त्यातलाच प्रकार. १९२७ मध्ये त्याने ‘तोलिक्स’ हे नाव नोंदवले. फ्रेंचमध्ये ‘तोल’ म्हणजे पत्रा. आपल्याकडे तोल म्हणजे काय, ते माझ्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही.

१९३४ मध्ये त्याने ‘ए’ नावाची खुर्ची काढली. माणूस छपरे ठोकणारा, त्यामुळे पाऊस डोक्यात पक्का. बैठकीला भोके ठेवली, पाणी आपसूक गळून जावे म्हणून. कागदाला घडी घातली की तो ताठ उभा राहतो, तशा पत्र्याच्या कडा वळवून पातळ पायांना बळ आणले. पाय वर रुंद, खाली निमुळते. म्हणून एकीवर एक खुर्ची रचता येते. १९३५ मध्ये त्या ‘नॉर्मांदी’ या बड्या आगबोटीवर चढल्या, १९३७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मिरवल्या. पुढे १९५० च्या दशकात मुलाने घडणीत सुधारणा केली आणि पंचवीस खुर्च्यांची चळत २.३ मीटरमध्ये बसू लागली. हॉटेलवाला खूश. आमच्या रेकॉर्ड रूमला असा मुलगा लाभला नाही.

आज ही खुर्ची पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत आहे. पण मधल्या काळात तिचे दिवस फिरले आणि २००४ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. तो विकत घेऊन कोणी वाचवला? शांताल आंद्रिओ या बाईंनी. बाई त्याच कारखान्यात होत्या. चित्रकार नव्हे, शिल्पकार नव्हे, हिशेब पाहणाऱ्या! पुढे त्यांनी खुर्चीला नवनवे रंग दिले, नवे डिझायनर बोलावले.

हा मजकूर मी तीनदा वाचला. मग जेवताना, आवाज शक्य तितका साधा ठेवून, मुलीला सांगितला.

ती म्हणाली, ‘‘पण बाबा, नुसत्या आकड्यांसाठी कोणी बुडालेला कारखाना घेईल? तिला ती खुर्ची आवडत असणार.’’

बुडीत खात्यांचा माझा अनुभव दांडगा आहे. आकडे पाहून त्यांत कोणी पैसे घालत नाही. मला उत्तर सुचेना. हात धुऊन आलो आणि अर्जावर सही केली, चौकटीच्या आत, काळ्या शाईने.

‘‘अहो, पण फीचे काय?’’ सौ.नी विचारले.

दोन मुदत ठेवी मोडाव्या लागणार होत्या. एकीवरचे व्याज किती बुडणार, तेही मी पैशापर्यंत काढून ठेवले होते. अर्ज आला त्याच रात्री.

‘‘पाहिली आहे मी सोय,’’ म्हटले. ‘‘घरात एकाला तरी आकडे दिसायला नकोत का?’’