प्रास्ताविक: 'राइट' कुणाचा, कुणाविरुद्ध?

इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात 'राइट' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. दिलेले कर्ज परत मागण्याचा राइट, स्वतःच्या आवारात फिरण्याचा राइट, मृत्युपत्र करण्याचा राइट आणि संसदेने आपले तोंड बंद करू नये हाही राइटच. या चौघांची जात वेगळी आहे. ती ओळखायला शिकवणारी विद्याशाखा म्हणजे हक्कमीमांसा.

अमेरिकी कायदेपंडित वेस्ली होहफेल्ड यांनी १९१३ साली 'येल लॉ जर्नल'मधील लेखात ही विभागणी मांडली: वरच्या चार उदाहरणांच्या क्रमाने दावा, मुभा, अधिकार आणि अभय. दावा असेल तर समोरच्यावर कर्तव्य येतेच. मुभा असेल तर तसे काही येत नाही. त्यांनी यासाठी कोळंबीच्या सॅलडचे उदाहरण घेतले. मालक पाहुण्याला सांगतात, 'जमले तर खा, आमची परवानगी आहे. पण आम्ही आडवे येणार नाही असे मात्र समजू नकोस.' पाहुण्याने ते खाल्ले तर मालकांचा हक्क मोडत नाही. मालकांनी ताटली घट्ट धरून ठेवली तरी पाहुण्याचाही मोडत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. क्विन विरुद्ध लेदम हा १९०१ चा खटला पाहा. लेदम हा आयर्लंडमधला मांसविक्रेता. संघटनेबाहेरचे कामगार त्याने ठेवले, म्हणून संघटनेने त्याचे गिऱ्हाईक तोडले. निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याला हवा तसा धंदा करण्याचे स्वातंत्र्य आहे, म्हणजे इतरांनी त्यात अडथळा न आणण्याचे कर्तव्यही आहे, असे न्यायमूर्ती लिंडली यांचे म्हणणे. होहफेल्ड यांनी बोट ठेवले ते याच 'म्हणजे'वर. मुभेतून कर्तव्य आपोआप निघत नाही. ते लादायचे तर वेगळे कारण द्यावे लागते. माझ्या मते या शास्त्राचा सगळा कस इथे लागतो, कारण न दिलेल्या कारणाची किंमत कुणाच्या तरी रोजीरोटीतून वसूल होते.

होहफेल्ड १९१८ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी गेले. हक्क मुळात कशासाठी, हा वाद पुढच्यांनी लढवला. ब्रिटिश न्यायतत्त्वज्ञ हार्ट यांच्या मते हक्क म्हणजे दुसऱ्याच्या कर्तव्यावरचा ताबा. ते कर्तव्य माफ करायचे की बजावून घ्यायचे, हे हक्कदाराने ठरवायचे. मग तान्ह्या बाळाला हक्क कुठला, असा सवाल नील मॅकॉर्मिक यांनी टाकला आणि हक्काचे मूळ हितात शोधले. वाचकाने आधी सॅलडची ताटली नीट समजून घ्यावी, मग या वादात उतरावे.