धाराशिव जिल्हा : मराठी अंमलाच्या लोकस्मृती

मराठे व निजाम यांच्या सरहद्दीवर दीर्घकाळ राहिलेल्या या प्रदेशात मराठी सत्तेची आठवण एकजिनसी नाही. तुळजापूरची भवानी ही भोसल्यांची कुलदेवता. तिने शिवछत्रपतींना तलवार दिल्याची लोकश्रद्धा आणि १६५९ मधील अफजलखानाच्या स्वारीत देवस्थानास उपद्रव झाल्याची परंपरा, या दोहोंना गोंधळी-शाहिरांनी जनमानसात अढळ स्थान दिले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई-सरदेशमुखी या मराठ्यांच्या महसुली हक्कांस १७१९ मध्ये बादशाही सनदांनी मान्यता मिळाली. पुणेकर कारभाऱ्यांच्या लेखी जो हक्क, तोच दरसाल दुहेरी वसुलीस तोंड देणाऱ्या निजामाच्या रयतेस जाच, आणि फार्सी तवारीखकारांस मराठे ‘गनीम’ म्हणजे शत्रू. उदगीर (१७६०, हे गाव १९८२ पूर्वी याच जिल्ह्यात होते) व खर्डा (१७९५) येथील निजामाविरुद्धच्या लढाया मराठी इतिहासलेखनात विजयगाथा ठरल्या, परंतु लष्करांच्या वाटेवरील कुणब्याची दैना त्यांत क्वचितच उमटली, ही उणीव खेदजनक आहे. खर्ड्याच्या तहाने परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीवरील मुलूख मराठ्यांस द्यावयाचे ठरले, तरी पुण्यातील दुफळीमुळे त्याचा बराच भाग निजामाकडेच राहिला. पुढे १८५३ ते १८६० हा इंग्रजी अंमलाचा काळ वगळता १९४८ पर्यंत जिल्हा हैदराबाद संस्थानात होता.