परतीचे तिकीट

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी लागते. नगरपरिषदेच्या पाटीवर रोहा आणि अष्टमी ही दोन्ही नावे जोडीने येतात. एका नदीच्या दोन काठांवर वाढलेली ही भावंडेच म्हणावयाची. कुंडलिकेचे पाणी येथून पश्चिमेस जाते आणि चौल-रेवदंड्याच्या खाडीने समुद्राला मिळते. या पाण्याच्या वाटेने माल आला, माणसे आली, धर्म आले, शब्द आले. आणि याच मुलखातून पुष्कळ माणसे दूर देशी गेलीही.

गेलेल्यांपैकी एक समाज म्हणजे बेने इस्रायल. रोहेकर, अष्टमकर, पेणकर, चेऊलकर अशी आमच्या गावांची नावे या यहुदी बांधवांनी आडनावे म्हणून धारण केली. तेलाचा घाणा हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरातली भाषा मराठीच होती. १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाले आणि पुढील काही दशकांत त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. डिमोना, लोद, अश्दोद, बेरशेबा येथे ती वसली. तेथेही त्यांना आपल्या यहुदीपणाबद्दलच्या शंकांना तोंड द्यावे लागले. १९६४ साली इस्रायल सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. आपली भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे काढले.

आता त्या पिढीतील जे हयात आहेत ते वार्धक्याला टेकले आहेत. इस्रायलमध्ये १९८८ पासून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी विम्याची योजना अमलात आली. पुढे १९९० नंतर घरात राहून चोवीस तास वृद्धांची काळजी घेण्यासाठी परदेशी सेविकांना परवाने मिळू लागले. फिलिपीन्स, नेपाळ, श्रीलंका आणि भारत येथून या स्त्रिया जातात. २०२३ साली इस्रायलमध्ये सुमारे १८,००० भारतीय नागरिक होते आणि त्यांतील बहुसंख्य, म्हणजे सुमारे १४,०००, वृद्धांच्या सेवेत होते. केरळ, मंगळूर आणि गोवा येथील कॅथलिक स्त्रियांचा यांत मोठा भरणा आहे. अष्टमीचे आडनाव लावणाऱ्या एखाद्या आजीच्या उशाशी आज मंगळूरची एखादी कॅथलिक स्त्री बसलेली असू शकते. इतिहासाची ही वळणे पाहिली की मन थक्क होते.

परंतु या भेटीच्या मुळाशी बहुधा एक घाई असते. आजी पडते, हाड मोडते, रुग्णालय आठ दिवसांत घरी पाठविते. मुले नोकरीवर, नातवंडे सैन्यात. ‘कोणीतरी बाई तातडीने हवी’ असा निरोप दलालाकडे जातो आणि हजारो मैलांवरच्या एखाद्या घरात पेटी भरली जाते. गरज खरी असते, घाईही खरी असते. आमच्या मनात मात्र नेहमी एक प्रश्न उभा राहतो: या घाईत त्या बाईच्या परतीच्या वाटेचा विचार कोण करतो? या प्रश्नाचा इतिहास फार जुना आहे आणि त्याची सुरुवात आमच्याच खाडीच्या तोंडाशी होते.

पोर्तुगीजांनी १५२१ साली चौल येथे किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. १७४० साली रेवदंडा त्यांच्या हातून गेला. या सव्वादोनशे वर्षांत त्यांच्या घरांतून जी परदेशी माणसे कामास असत, त्यांतील पुष्कळशी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलाम होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील भर बाजारात होणाऱ्या गुलामांच्या विक्रीचे वर्णन करून ठेवले आहे. घरातील मालकिणीमागे छत्री धरणारा, पाणी भरणारी, मूल सांभाळणारी ही माणसे बाप्तिस्मा घेतलेली असत, एकाच वेदीपुढे गुडघे टेकत, तरीही ती विकत घेतलेली असत. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण आपल्या घराचा इतिहास लिहावयाचा तर आतल्या खोलीचाही लिहावा लागतो. या माणसांना परतीची वाट नव्हतीच. पोर्तुगालने आपल्या सर्व वसाहतींत गुलामगिरी रद्द केल्याचे जाहीर केले ते १८६९ साली.

नेमक्या त्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला. मुंबई विलायतेला जवळ आली आणि या इतिहासाची दुसरी पायरी गजबजून गेली. ती पायरी म्हणजे ‘आया’. हा शब्दही पोर्तुगीजांचाच. त्यांच्या भाषेत मुलांची दाई किंवा सांभाळ करणारी स्त्री म्हणजे ‘आया’. तेथून तो इंग्रजांनी उचलला, आणि आमच्या रुग्णालयांत व बालवाड्यांत तो आजही रुळलेला आहे. इंग्रज कुटुंबे अठराव्या शतकापासूनच आपल्या आया बोटीवर बरोबर नेत असत. आगबोटींच्या काळात हा प्रघात वाढला. साहेबाची रजा मंजूर झाली, मूल आजारी पडले, बोटीवर जागा मिळाली, की थोड्या दिवसांत आया शोधावी लागे. कित्येक स्त्रिया केवळ प्रवासापुरत्या ठेवल्या जात. मुलांना न्हाऊ-माखू घालणे, मडमेला बोट लागली की तिची शुश्रूषा करणे, सामानावर नजर ठेवणे ही त्यांची कामे. त्या समुद्राला सरावलेल्या असत. त्यांच्या मालकिणी बहुधा नसत.

बोट लंडनला लागली की आयेची गरज संपे. चांगले मालक तिच्या परतीची व्यवस्था करीत. काहींच्या करारात ती नमूदही असे. परंतु ज्यांनी तशी बोली केली नव्हती, किंवा बोली करून मोडली, त्यांच्या आया परक्या शहरात उघड्यावर पडत. १९०८ साली एका आयेला हातावर एक पौंड ठेवून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर सोडून देण्यात आले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बोटीवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांना परत पोहोचविण्याची जबाबदारी कायद्याने ठरविलेली होती. १८२३ पासून तसे नियम होते. आया ही मात्र खलाशी नव्हे. ती कोणाच्या तरी घरची नोकर, म्हणून तिचा करार हा खाजगी मामला. घरातील काम हे ‘काम’ नव्हेच, या समजुतीची ही किंमत होती.

मुंबईतही पुरुषांना निदान आसरा होता. गोव्याच्या गावांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापले ‘कुड’ स्थापले होते. बोटीची वाट पाहणारा खलाशी, आचारी, वाजंत्री आपल्या गावच्या कुडात चटई टाकी, संध्याकाळी सर्वांबरोबर रोजरीची प्रार्थना म्हणे आणि बोलावणे येताच पेटी उचलून निघे. ही घरे मुख्यतः पुरुषांची होती. बोटीवर जाणाऱ्या बाईला असे गाव बरोबर नेता येत नव्हते.

तिला आसरा मिळाला तो लंडनमध्ये. ‘आयांचे घर’ नावाची संस्था ऑल्डगेट भागात होती. तिची स्थापना १८२५ ची असल्याचे सांगितले जाई. १९०० साली लंडन सिटी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनने ती आपल्या हाती घेऊन हॅकनी भागात २६, किंग एडवर्ड रोड येथे नेली. १९२१ साली ती त्याच रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या घरात गेली. वर्षाकाठी शंभराच्या वर आया येथे राहून जात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि चिनी ‘अमा’ही एका छपराखाली असत. ही संस्था धर्मप्रसाराच्या हेतूपासून मुक्त नव्हती, पण थंडीत कुडकुडणाऱ्या बाईसाठी तिने दार उघडे ठेवले, हे तिचे ऋण नाकारता येणार नाही.

या घराचा कारभार कसा चाले, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ज्या आयेजवळ परतीचे तिकीट असे, ती ते घराच्या व्यवस्थापिकेच्या स्वाधीन करी. हिंदुस्थानास निघालेल्या एखाद्या कुटुंबाला तातडीने आया हवी असली की ते या घराशी संपर्क साधी. व्यवस्थापिका ते तिकीट त्या कुटुंबाला विकत देई आणि आलेल्या पैशांतून आयेचा बोट सुटेपर्यंतचा खर्च भागवी. अशा रीतीने ज्या कुटुंबाला घाई होती त्याची गरज भागे आणि बाईला मजुरीसह घरची वाट मिळे. घाई कोणालाच टाळता येत नाही. तिच्यात कोणी चिरडले जाणार नाही अशी सोय मात्र करता येते, हे या साध्या व्यवस्थेने सिद्ध केले.

या घराच्या संदर्भात १९२२ साली एका इंग्रजी मासिकात मिसेस अँटनी परेरा या आयेविषयी लिहून आले. तिने हिंदुस्थान आणि इंग्लंड यांदरम्यान ५४ वेळा प्रवास केल्याची नोंद आहे. परेरा! वसईपासून गोव्यापर्यंत हे आडनाव किती दारांवर आहे हे वाचकांना सांगावयास नको. आमच्या घराण्यांच्या कथांत बोटीवर गेलेले आजोबा असतात; आजीने ओलांडलेले समुद्र मात्र कोणी मोजून ठेवीत नाही. इंग्रजी राज्य गेले तशी आयांची ये-जाही संपली. हॅकनीच्या त्या २६ क्रमांकाच्या घरावर २०२२ च्या जून महिन्यात स्मृतिफलक लागला. त्यासाठी फरहाना मामूजी या तरुणीने काही वर्षे नेटाने प्रयत्न केले होते.

आता तिसरी पायरी. इस्रायलला जाणारी सेविका गुलाम नाही, आणि आयेसारखी निराधारही नाही. तिच्याजवळ स्वतःचे पारपत्र, बँकेचे खाते आणि फोन असतो. मग परतीची वाट अडते कोठे? ती अडते कर्जात. ठरलेल्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम दलाल उकळतात. त्यासाठी दागिने व जमीन गहाण पडते. ते फिटेपर्यंत घर वाईट मिळाले तरी सोडता येत नाही. त्यात पूर्वी सेविकेचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असे. मालक सोडला की ती बेकायदा ठरे. २००६ सालच्या मार्चमध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली; ती आधुनिक गुलामगिरीचेच एक रूप आहे, असा शेरा निकालपत्रात होता. परंतु २०११ साली तेथील संसदेने मालक बदलण्यावर नवी बंधने घालण्याची मुभा सरकारला दिली. २०१३ साली न्यायालयाने असाही निर्णय दिला की, कामाच्या तासांचा कायदा घरात राहणाऱ्या सेविकांना लागू होत नाही. घरातील काम हे ‘काम’ नव्हे, ही जुनी समजूत अशी पुन्हा डोके वर काढते.

आणि सेवा तरी कशी! २०२१ च्या मे महिन्यात अश्केलोन येथे रॉकेट पडून केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील एक सेविका कामावर असतानाच मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाच्या सीमेजवळ नीर ओझ येथे दोन मल्याळी सेविकांनी हल्लेखोर घरात शिरले असता सुरक्षित खोलीचे दार आतून धरून ठेवले आणि आपल्याकडे सोपविलेल्या वृद्धांचे प्राण वाचविले. घाईघाईने आलेली ही परकी बाई त्या क्षणी घरच्यांच्या जागी उभी होती.

मग आपण काय करावे? ज्यांच्या मुली निघाल्या आहेत त्यांनी दलालाची सरकारी नोंदणी पाहिल्यावाचून पैसा देऊ नये. १९८३ च्या कायद्याने ती नोंदणी सक्तीची केली. २०११ साली जिनिव्हा येथे घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. देश सोडण्यापूर्वी लेखी करार हाती मिळावा, त्यात परतीच्या अटी असाव्यात, पारपत्र कामगाराच्याच ताब्यात राहावे, असे त्यात म्हटले आहे. भारताने आणि इस्रायलने त्यास अद्याप मंजुरी दिलेली नाही. फिलिपीन्सने ती २०१२ सालीच दिली. सरकारने मंजुरी दिली नाही तरी कुटुंबाने या तीन गोष्टींचा आग्रह धरण्यास कोणाची आडकाठी नाही.

आणि ज्यांच्या घरी अशी मुलगी येते त्यांचे काय? परदेशाकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपल्याच शहरी घरांत झारखंड, छत्तीसगड येथील आदिवासी मुली येतात. त्यांतील कित्येक आपल्याच धर्माच्या असतात. त्यांची भाषा आपल्याला कळत नाही; त्यांच्यासाठी मुंबई हाच परदेश. ‘उद्यापासून मुलगी हवी’ असे आपणही कोणाच्या तरी कानावर घातलेले असते. याच मुलींसाठी सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली, आणि महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तरीही आपल्या किती घरांत त्या मुलीचा पगार, सुटीचा दिवस आणि गावी जाण्याचे भाडे कागदावर लिहिलेले आहे? मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, ही जुन्या करारातील आज्ञा अष्टमीच्या यहुदी तेल्याने वाचली होती आणि आपणही वाचतो.

घरात बाई तातडीने आणावी लागली तर अवश्य आणावी. दुखण्याला थांबता येत नाही. पण तिची पेटी घरात ठेवून घेतानाच तिच्या परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे काढून तिच्याच हाती द्यावेत. शंभर वर्षांपूर्वी लंडनमधील एका घराने एवढे साधले होते. ते आपल्या घरांना अवघड जाऊ नये.